भागूबाईची काकडी आणि उंबरातली मोहोळे

दयासिंधू केवळनाथ महाराज त्या चैत्रात नदीकाठच्या बोरवंड गावी, महादेवाच्या देवळात उतरले होते. गावाखालच्या वाळूत भागूबाई माळीण उन्हाळी काकडीची वाडी करी. पाट्या भरून आठवडेबाजारी न्यायच्या, त्यावरच तिचे वर्ष निघे. मुखी मात्र सदा महाराजांचे नाव.

त्या वर्षी नवलच झाले! वेल तरारले, पिवळी फुले डवरली. पण काकडी करंगळीएवढी झाली की पिवळी पडून गळे. पाणी होते, खत होते. मग असे का? भागूबाईला चैन पडेना.

शेजारच्या मळ्याचे धनी अमृतराव इनामदार हसून म्हणाले, "नाम घेऊन काकड्या लागतात होय गं? विचार की तुझ्या महाराजांना!" खरबुजे त्यांचीही गळत होती, ते बियाण्याला बोल लावत.

तिने खरेच विचारले. महाराज म्हणाले, "तीन दिवस सकाळी बांधावर बस. तुझ्या फुलांकडे कोण कोण येतं, ते मला सांग."

ही कसली आज्ञा? तरी ती बसली. फुले उमलली, ऊन चढले, फुले मिटली. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "महाराज, मुंग्यांशिवाय कुणीच येत नाही. दरसाल मधमाश्यांची गुणगुण असायची, यंदा ती ऐकलीच नाही." आणि बोलता बोलता तिला आठवले, तसे तिने सांगूनही टाकले. घोडीला माशी चावली म्हणून अमृतरावांनी माघात काठावरच्या उंबरातली मोहोळे जाळली होती!

महाराज तडक उंबराकडे निघाले. अमृतरावही गंमत पाहायला आले. काळवंडलेल्या ढोलीवर हात ठेवून महाराज म्हणाले, "लेकींनो, चुकलं आमचं. या परत."

"आता माश्याही ऐकणार!" अमृतराव हसले.

तोच नदीपलीकडून घोंगावत एक ढग आला आणि महाराजांचा हात कोपरापर्यंत माश्यांनी झाकून गेला!

"अमृतराव, हात पुढे करा. घर तुम्ही मोडलंत, आता बांधावर तुम्हीच न्या यांना."

"महाराज, फोडून काढतील मला!"

"मी आहे ना."

अमृतरावांनी हात पुढे केला. माश्या हळूहळू त्यांच्या हातावर सरकल्या, मानेवर, गालावर फिरल्या. ते तसेच बांधाकडे चालू लागले, भागूबाई मागोमाग निघाली. बांधावरच्या बाभळीला थवा लगडला आणि त्यातली एक माशी उडून काकडीच्या फुलात शिरली.

"आली, महाराज, आली!" भागूबाई ओरडली.

पुढे पंधरवड्यात दोन्ही मळे फळांनी भरले. पण अमृतरावांचे मन पालटायला तितके दिवस लागले नाहीत. त्याच दिवशी, तिथेच बाभळीखाली, ते आपला हात उलटसुलट करून पाहत राहिले. एकही डंख नव्हता.

"चावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, महाराज," ते कसेबसे म्हणाले आणि भर वाळूत महाराजांच्या पायांवर त्यांनी डोके ठेवले.