सांजेची डोली

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा कोणत्या राजाचं राज्य होतं ते विचारू नका, कारण राजा त्या गावापर्यंत कधी पोचलाच नव्हता. डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. गावाच्या मागं घाट होता, घाटाच्या माथ्यावर खिंड होती, आणि खिंडीतून पलीकडं उतरलं की वैद्याचं गाव लागायचं.

घाटात गाडीवाट नव्हती. कुणी आजारी पडलं, कुणी बाई अडली, तर तिला डोलीतून न्यायची रीत होती. डोली म्हणजे एक लांब, जाड बांबू आणि त्याला झोळीसारखी बांधलेली घोंगडी. दोघं पुढं, दोघं मागं. खांदा दुखला की चालता चालता बदलायचा. खांदा द्यायचा तो गावच्या तरण्या पोरांनी, असा जुना नेम होता.

मग चांगली वर्षं आली. ओळीनं सात-आठ वर्षं पाऊस वेळेवर पडला. गावकऱ्यांनी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाट काढून दारापर्यंत आणलं. ओझ्याला बैल झाले, गाढवं झाली. तेव्हा गावातली वडीलधारी माणसं एकमेकांना म्हणाली, आपण डोक्यावर भारे वाहिले, आपले गुडघे गेले. पोरांना तरी हे नको. म्हणून ते स्वतः शेतात जायचे आणि पोरांना म्हणायचे, तुम्ही बसा. आया म्हणायच्या, बसलाच आहात तर खा.

पोरं बसली. देवळाच्या ओवरीत सोंगट्यांचा डाव सकाळी मांडला जायचा तो दिवे लागेपर्यंत. पोरं वाईट नव्हती. कुणाला उलटून बोलत नव्हती, कुणाचं काही चोरत नव्हती. फक्त बसलेली होती. पोरी घरात बसलेल्या होत्या, एवढाच काय तो फरक.

त्या गावात ठकूबाई नावाची सुईण होती. ओवरीत बसणाऱ्या सगळ्या पोरांच्या नाळा तिनंच कापल्या होत्या. तिची सून सगुणा पहिलटकरीण होती. तिचे दिवस भरले आणि बाळ आडवं आलं. ठकूबाईनं हात लावून पाहिलं आणि सांगितलं, हे माझ्या हातचं नाही, वैद्याकडं न्या.

पोरं उठली, डोली बांधली आणि निघाली. म्हादू म्हणून एक धिप्पाड पोरगा होता, तो पुढच्या खांद्याला होता. पहिल्या चढालाच त्याला धाप लागली. मागच्यांचे पाय घसरायला लागले. नऊ वेळा डोली खाली ठेवावी लागली. जी वाट दीड प्रहरात व्हायची तिला सगळा दिवस लागला. वैद्यानं सगुणेला वाचवलं. बाळ वाचलं नाही.

गाव फार हळहळलं. पण पोरांना कुणी एक शब्द बोललं नाही, आणि पोरंही कुणाशी बोलली नाहीत. म्हादू ठकूबाईच्या दारावरून जायचा बंद झाला. लांबच्या बोळानं जायचा.

पाटलानं मग गाव जमवलं. पोरांच्या अंगात बळ राहिलं नाही, काहीतरी केलं पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. गावानं मिळून तालीम बांधली. लाल माती आणून कुस्तीचा हौदा भरला, फिरवायला जड लाकडी मुदगलं करून घेतली, लांबच्या गावाहून एक वस्ताद आणला. तालमीत येईल त्याला तांब्याभर दूध ठरलं. मनापासून केलं हो सगळं. कुणी त्यात कुचराई केली नाही.

तालमीच्या समोरच गावचा पार होता. संध्याकाळी सगळी वडील माणसं पारावर येऊन बसायची आणि पोरांचे दंड बघायची. नुसती बघायची असती तरी चाललं असतं. एक म्हणायचा, हे बघा, कणकेचा गोळा लोळायला लागला. दुसरा म्हणायचा, त्या पलीकडच्याच्या मांड्या बघा, आमच्या म्हशीला दावं बांधायला याहून जाड खुंटा लागतो. आमच्या वेळी असं होतं आणि आमच्या वेळी तसं होतं, हे तर रोजचंच. हसायचे, तंबाखू मळायचे आणि पुन्हा बघायचे.

आठ दिवस पोरं आली. मग नुसती दुधापुरती आली. मग आयांनी दूध घरीच मागवून घेतलं. महिन्याभरानं वस्तादानं आपलं बोचकं बांधलं. जाताना तो पाटलाला एवढंच म्हणाला, की तुमच्या गावात कुस्ती करणाऱ्यांपेक्षा कुस्ती बघणारे जास्त आहेत, इथं माझं काम नाही. पाटलाला राग आला. पोरांच्याच अंगात खोट आहे असं त्यानं मनाशी धरलं, आणि तालमीला कडी लागली.

वर्ष गेलं. सगुणेला पुन्हा दिवस राहिले. चौथ्या महिन्यात ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, या खेपेला मी डोलीत निजणार नाही. दुखायला लागलं की माझी मी चालत निघेन. पडले तर वाटेत पडेन."

 ठकूबाईनं शेकडो बाळंतपणं केली होती. पहिल्या वेळी जे झालं ते दुसऱ्या वेळीही होऊ शकतं, हे तिला ठाऊक होतं. आणि अडलेली बाई घाट चढत नाही, हेही ठाऊक होतं. हातात पाच महिने होते.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर तिनं आढ्यावरची डोली काढली, ओढत ओढत देवळापाशी आणली आणि सोंगट्यांच्या पटाशेजारी ठेवली. पोरांना म्हणाली, माझे गुडघे दुखतात, मला जरा विहिरीपर्यंत नेऊन आणा.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. म्हादूनं मान वर केली नाही. तो पटाकडं बघतच म्हणाला, "आजी, तुला माहीत आहे आमचं. आम्ही टाकू तुला."

"टाका की," ठकूबाई म्हणाली. "माझ्या पोटात कुणी नाही."

आणि ती घोंगडीत जाऊन बसली. आता म्हातारी बसलीच म्हटल्यावर करतात काय. चौघांनी उचलली. विहीर काही लांब नव्हती, पण तेवढ्यात डोली दोनदा वाकडी झाली, आणि लिंबाच्या बुंध्यावर म्हातारीचं कोपर आपटलं. पारावर हसू पिकलं. कुणी म्हणालं, राणीसाहेबांची स्वारी निघाली. रावजी नावाचा म्हातारा होता, त्यानं तरुणपणी अनेक डोल्या घाटापार केल्या होत्या. तो सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. म्हणाला, अरे, चौघं शिपायांसारखी पावलाला पाऊल जुळवून कशाला चालताय, त्यानंच झोळी झुलते.

ठकूबाईनं डोली थांबवायला लावली. झोळीतूनच म्हणाली, "रावजी, तुझं तोंड चालतंय त्या अर्थी पायही चालत असतील. बसून काय सांगतोस, ये इथं."

आता सगळा पार रावजीकडं बघून हसायला लागला. तो चिडून उठला. चार शब्द सुनावून परत बसायचं, असं त्याच्या मनात होतं. पण सुनावता सुनावता तो डोलीबरोबर दहा पावलं चालला, आणि एकदा चालायला लागल्यावर त्याला सांगितल्यावाचून राहवेना. चौघांनी चार वेगळ्या पावलांनी चालायचं, म्हणजे झोळी स्थिर राहते. पुढच्यानं वाट बोलायची: दगड आला तर दगड म्हणायचं, ओलं आलं तर ओलं म्हणायचं, कारण मागच्यांना झोळीमुळं पायाखालचं दिसत नाही. हे पोरांना कुणी सांगितलंच नव्हतं. डोली जड आहे एवढंच त्यांना माहीत होतं.

त्या दिवशी डोली विहिरीपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या पुढच्या बांधापर्यंत. ठकूबाई रोज यायची, रोज घोंगडीत बसायची, आणि रोज कालच्यापेक्षा एक शेत लांब न्या म्हणायची. रावजी रोज बरोबर चालायचा. मग त्याच्या जोडीचे दोघं आले, कारण त्याच्यावाचून पारावर करमेना. चालताना ते हसत नव्हते. चढाला त्यांनाच दम लागायचा, हसणार कुणाला? म्हादूला धाप लागली की रावजी म्हणायचा, थांब रे, मलाच बसायचंय. आणि दोघं एका दगडावर बसायचे.

एक महिन्यानं पाटलाची थोरली लेक यमुना डोलीजवळ आली आणि मीही खांदा देते म्हणाली. पाटलानं ते ऐकलं आणि तो स्वतः धावत आला. बायकांनी डोली उचलायची रीत नाही, असं त्यानं ठकूबाईला बजावलं.

ठकूबाई म्हणाली, "पाटील, या झोळीत निजून बायकाच जास्त गेल्या. आत निजलेली चालते, तर बाहेर खांदा दिलेला का चालत नाही?"

 पाटलानं लेकीला घरी चल असं म्हटलं नाही. तो तिथंच उभा राहिला, आणि मग डोली निघाली तेव्हा, लेकीवर नजर ठेवायला म्हणून, मागोमाग चालायला लागला. रोज नजर ठेवायला लागला. यमुनेमागं आणखी चार पोरी आल्या.

ओवरीतला सोंगट्यांचा पट कुणी बंद केला नाही. पावसात मांडायचे. पण उन्हं कलली की पोरं आपणहून उठायची, कारण आज कुठपर्यंत जायचं ते काल ठरलेलं असायचं. आया घरात म्हणायला लागल्या, मेली भाकरी पुरत नाही अलीकडं.

सगुणा दारातून हे सगळं बघायची. सातव्या महिन्यात एका संध्याकाळी ती बाहेर आली आणि म्हादूला म्हणाली, मला त्या पिंपळापर्यंत न्या. पिंपळ घाटाच्या पायथ्याशी होता. म्हादूचा चेहरा उतरला. पण त्यानं खांदा दिला, आणि सगळी वाट तो बोलत राहिला: दगड, ओलं, मूळ, दगड. पिंपळापाशी सगुणा उतरली.  दुसऱ्या दिवशी तिनं डोलीत अंथरायला एक जाड गोधडी शिवायला घेतली.

नवव्या महिन्यात, एका सकाळी, न्याहारीच्या वेळेला सगुणेला कळा सुरू झाल्या. ठकूबाईनं हात लावून पाहिलं. बाळ याही खेपेला आडवं होतं.

ठकूबाईनं आरडाओरडा केला नाही. बाहेर येऊन तिनं नुसतं, चला, म्हटलं. बारा पोरं-पोरी हजर होती. चौघांनी खांदा दिला, आठ जण बरोबर चालले. मागं ठकूबाई, रावजी, पाटील आणि पारावरची सगळी म्हातारी माणसं. पिंपळापर्यंत सगळे एकत्र होते. मग चढ लागला. म्हातारे मागं पडायला लागले. पहिल्या वळणाला वीस पावलं मागं पडले, दुसऱ्या वळणाला डोली दिसेनाशी झाली. थोडा वेळ म्हादूचा आवाज येत राहिला, दगड, दगड, उतार. मग तोही येईना.

ठकूबाईचे गुडघे आता खरंच चालेनात. खिंडीच्या अलीकडं ती एका धोंड्यावर बसली. बाकीचे तिच्याभोवती बसले. कुणी तंबाखू काढली नाही. पाटील एकदा म्हणाला, आपण बरोबर असतो तर बरं झालं असतं. रावजी म्हणाला, आपण बरोबर असतो तर त्यांना उशीर झाला असता.

सूर्य डोक्यावर आला, कलला. तिसऱ्या प्रहरी खिंडीतून कुणीतरी धावत येताना दिसलं. ती यमुना होती. पदर खोचलेला, केस सुटलेले. दोन्हीकडचा घाट चढून-उतरून ती आली होती, पण तिचा श्वास नीट चालला होता. ती ठकूबाईपुढं येऊन उभी राहिली.

"आजी, मुलगी झाली. सगुणावहिनी बरी आहे. मुलगी रडते आहे."

ठकूबाईनं डोळे मिटले.  मग पाटलानं लेकीला हळूच विचारलं, डोली किती वेळा खाली ठेवली?

"दोनदा," यमुना म्हणाली. "दोन्ही वेळेला सगुणावहिनीला पाणी पाजायला."

 ठकूबाई धोंड्यावरून उठली. यमुना म्हणाली, आजी, आम्ही तिला आणूच की परत, तुम्ही घरी जा. पण ठकूबाई खिंडीकडं चालायला लागली होती. तिच्यामागून रावजी उठला, मग पाटील उठला, मग सगळे उठले. यमुना त्यांच्या चालीनं, सावकाश, त्यांच्याबरोबर चालली. वाटेत दहा ठिकाणी बसत बसत ती म्हातारी माणसं दिवेलागणीला वैद्याच्या अंगणात पोचली आणि त्यांनी मुलीचं तोंड पाहिलं.

पुढं तालमीची कडी निघाली. पहाटे पोरं मातीत उतरायची, पोरी अंगणात मुदगलं फिरवायच्या, आणि वडील माणसं आपल्याला झेपेल तेवढ्या बैठका काढायची. पार तिथंच होता, पण त्या वेळेला तो रिकामा असायचा. घाटावर डोली अडल्याचं त्या गावात नंतर कधी ऐकू आलं नाही.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: तरण्यांना नुसतं चाला म्हणू नये, त्यांच्याबरोबर आपणही चालू लागावं.