अर्धा पूल

एका नदीच्या दोन काठांवर मिळून एक गाव होतं. देव एक, जत्रा एक, भांडणंही घरातल्यासारखी. पुढं सरकारनं विधानसभेचे मतदारसंघ नव्यानं आखले आणि नदीलाच हद्द धरलं. अलीकडचा काठ एका आमदाराचा झाला, पलीकडचा दुसऱ्याचा. नदी होती तेवढीच राहिली, माणसांना मात्र ती रुंद वाटायला लागली.

अलीकडच्या काठावर एक सुईण राहायची. दोन्हीकडची कितीतरी लेकरं तिच्याच हातची. तिची लेक पलीकडं दिलेली. पूर आला की जाणं-येणं बंद व्हायचं, म्हणून पूल सगळ्यांनाच हवा होता.

निवडणूक लागली तशी तिची विहीण गुडघाभर पाण्यातून आली.

"विहीणबाई, तुमच्याकडचा मत मागायला आला की पूल मागा. आम्ही आमच्याकडच्याला तेच सांगतो. दोघांकडनं एकदमच कबूल करून घेऊ."

बोलणं सुईणीला पटलं. पण लेकीच्या लग्नात ह्याच बाईनं पुरणपोळीला नावं ठेवली होती, ते तिच्या मनातून गेलेलं नव्हतं.

"तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "आमचा माणूस आमचं करेल. तुम्हाला आयतं कशाला?"

"पोळी जाड झाली एवढंच म्हणाले होते हो मी," विहीण म्हणाली आणि परत पाण्यात उतरली.

उमेदवार आला. सुईणीनं त्याला ओवाळलं, पूल मागितला. तो निवडून आला आणि शब्दाला जागला, तेवढं त्याला दिलंच पाहिजे. पण पूल बांधला तो त्याच्या हद्दीपर्यंत. नदीच्या मधोमध येऊन काम थांबलं. पलीकडचा आमदार विरोधी पक्षाचा. तो म्हणाला, "त्याच्या नावाच्या पुलाला मी माझा निधी कशाला लावू?"

अर्ध्या पुलावर नावाची पाटी लागली. संध्याकाळी म्हातारे तिथं हवा खायला बसू लागले. कुणी हसलं तर सुईण म्हणायची, "अर्धा का असेना, आपला आहे."

पुढच्या श्रावणात नदी दुथडी भरून चालली होती. सकाळी पलीकडून हाका आल्या. तिच्या लेकीला कळा सुरू झाल्या होत्या आणि मूल आडवं होतं. सुईण पिशवी घेऊन पुलावरून धावली आणि पूल संपला तिथं थांबली. समोरच्या काठावर विहीण पदर हलवत होती. सुईण जीव खाऊन ओरडली, "कुशीवर वळवा तिला, कुशीवर!" पण सकाळपासून पाणी आणखी चढलं होतं, शब्द त्याच्या आवाजात बुडाले. विहीण घराकडं धावायची, पुन्हा काठावर यायची. दुपार कलली तेव्हा ती काठावरच मटकन खाली बसली.

पाणी उतरल्यावर सुईण पलीकडं गेली. लेक वाचली होती. लेकरू नव्हतं. विहीण एक शब्द वाकडा बोलली नाही. तिनं चहा टाकला. सुईणीनं कप तसाच खाली ठेवला.

"विहीणबाई," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही आला होता तेव्हाच मी हो म्हणायला हवं होतं."

"आता म्हणा," विहीण म्हणाली.

पुन्हा निवडणूक आली. उमेदवार सुईणीच्या दारात ओवाळून घ्यायला वाकला. तिच्या हातात ताट नव्हतं.

"उरलेला पूल कधी?"

"मावशी, पलीकडचा काठ माझ्या मतदारसंघात नाही."

"माझी लेकही तुझ्या मतदारसंघात नाही. म्हणून ती माझी नव्हे का?"

पलीकडच्या दारात विहीण तिकडच्या उमेदवाराला हेच विचारत होती. दोन्ही काठांनी निरोप धाडला, पूल जोडायचं जो कबूल करणार नाही, त्याला इथलं एकही मत नाही. तेव्हा कुठं एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोघं अर्ध्या पुलावर शेजारी शेजारी येऊन उभे राहिले.

पूल पूर्ण झाला. दोन बांधकामांचा सांधा मधोमध अजून दिसतो. लेकीकडं जाताना सुईण तिथं क्षणभर थांबते, खाली पाण्याकडं बघते आणि मग पुढचं पाऊल टाकते.

ऐकणाऱ्यानं तात्पर्य एवढंच गाठीला बांधावं: मतदारसंघाची रेघ मतं मोजायला असते, माणसं तोडायला नाही. जो आपल्या काठापुरतं मागतो, त्याच्या पदरात अर्धंच पडतं.