मनगटातलं घुंगरू

एकदा एक मास्तर होते. शाळेतले नाही हं, कुत्र्यांचे! लांब फेकलेली वस्तू तोंडात धरायची आणि दात न लावता परत आणून द्यायची, हे ते लॅब्रडॉर कुत्र्यांना शिकवायचे. आयुष्य गेलं त्यात. त्यांचा एक शिष्य होता, आणि शिष्याकडे जांभळी नावाची काळीभोर कुत्री. कुत्री एका शेठची, पण जीव जडला होता शिष्याचा.

आता जांभळी तशी भलती हुशार, फक्त कोंबड्या दिसल्या की संपलं! आणायला फेकलेली गोणपाटाची सुरळी तळ्याकाठी पडलेली, आणि ह्या बाईसाहेब कोंबड्यांमागे. शेवटी शेठ वैतागले. म्हणाले, "रविवारी येतो. जमलं तर राहू दे इथे, स्पर्धेत उतरवू. नाहीतर गोदामाच्या फाटकाला बांधून टाकतो. भुंकायला तरी येतं ना हिला?"

शिष्याचं जेवणावरून लक्ष उडालं. "मास्तर, कोंबडी दिसली रे दिसली की मी 'नाही, नाही' ओरडतो, दोर आवळतो. अजून काय करू?"

मास्तरांनी खिशातून एक घुंगरू काढलं. शिष्याने लगेच जांभळीची मान पुढे केली.

"तिच्या नको रे. तुझ्या मनगटाला बांध."

"माझ्या? मी काय कोंबड्यांमागे पळतो?"

"बांध तर खरं. आणि आज तोंड एकदम बंद."

सुरळी फेकली. जांभळी बसल्या जागी तिकडेच बघत होती, इशाऱ्याची वाट पाहत. तेवढ्यात मास्तरांनी बाजूचं खुराडं उघडलं. कोंबड्या बाहेर आल्या आणि छन्न! शिष्याचं घुंगरू वाजलं, दोर ताणला गेला, आणि तेव्हा, बरं का, तेव्हा कुठे जांभळीने मान वळवली. मग काय, दोर हिसडून कोंबड्यांमागे सुसाट!

"आधी काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

शिष्याने मनगटातल्या घुंगराकडे पाहिलं.

"ती सुरळीच बघत होती. कोंबडी आधी तुला दिसली. तुझा हात घाबरला, आणि ती भीती दोरातून तिच्यापर्यंत गेली. तुझा तिच्यावर नसेल, पण तिचा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. तू दचकलास म्हणजे तिथे काहीतरी मोठं असणार, असं तिला वाटतं. कोंबडी तिला तूच दाखवतोस, बाळा."

रविवारपर्यंत जांभळीला नवीन काहीच शिकवलं नाही. शिष्य मात्र रोज तिला शेजारी बसवून, दोर धरून कोंबड्यांमध्ये उभा. घुंगरू वाजलं की पुन्हा पहिल्यापासून.

शेठ आले. सुरळी तळ्याकाठी पडली, कोंबड्या सुटल्या. एक तर थेट शिष्याच्या पायावरून गेली. तो सुरळीकडे बघत राहिला. मग त्याने दोर सोडला, इशारा केला. जांभळी सरळ गेली, सरळ आली, आणि सुरळी त्याच्या हातात ठेवली.

"अरे, हिला केलंत तरी काय?" शेठ बघतच राहिले.

"हिला? काही नाही," मास्तर म्हणाले.

शिष्य खाली बसला. जांभळीच्या मानेवरून त्याने हात फिरवला, आणि आता कुठे घुंगरू मनमोकळं वाजलं.