पितळेचा राजा आणि तुळजा पारखीण

एका राज्यात अशी रीत होती की सोन्याचा कोणताही डागदागिना राजाच्या खजिन्यात जाण्याआधी राजपारख्याच्या हातून जाई, आणि पारख्याचा शब्द राजालाही मोडता येत नसे. त्या राज्याचा राजा सुरंजन, आणि त्याचा राजपारखी रायाजी. रायाजीला लेक एकच, तुळजा. सातव्या वर्षी ती फुंकणी फुंकायला शिकली, तेराव्या वर्षी कस लावायला शिकली, आणि तिशीला आली तेव्हा तिने पारखलेला डाग बाप पुन्हा हातात घेत नसे. "लेकीने पाहिला आहे," एवढेच सांगे, आणि सांगताना त्याची मान ताठ होई.

एके दिवशी भर दरबारात धूम्रकेश नावाचा मायावी आला. त्याच्यामागे बारा हत्ती, आणि हत्तींच्या पाठीवर पिवळ्याधमक विटा.

"राजा, हे माझ्या मंत्राचे सोने," तो म्हणाला. "खजिन्यात घे आणि मला राजगुरू कर."

रायाजीने वीट काळ्या कसोटीवर घासली, रेघ पाहिली, आणि म्हणाला, "पितळ आहे."

"पारखी म्हणतो ते खरे," राजा म्हणाला.

धूम्रकेशाने हात उचलला. राजाच्या गळ्यातला राजकंठा, जो त्या घराण्यात अकरा पिढ्या चालत आला होता, आपोआप सुटला आणि मायाव्याच्या मुठीत जाऊन बसला. राजा पायाच्या नखापासून मुकुटापर्यंत पितळेचा झाला.

"ज्याने माझे सोने पितळ मानले, तो पितळ होवो!" धूम्रकेश गरजला. "हा कंठा माझ्या डोंगरात राहील. जो ओळखून आणील आणि राजाच्या गळ्यात घालील, त्याला त्याचा राजा परत मिळेल. जो चुकेल, तो राजासारखा होईल."

राज्यातले सहा नामांकित पारखी एकामागून एक गेले. एकही परतला नाही. सातवा रायाजी गेला. तोही परतला नाही.

मग तुळजा राणी मंदारवतीपुढे उभी राहिली.

"राणीसाहेब, मला निरोप द्या."

"सात गेले, तुळजा. तुझा बाप गेला. आता राज्यात दुसरा पारखी नाही."

"म्हणूनच जाते. पारखी नसलेल्या राज्यात धूम्रकेश उद्या पुन्हा बारा हत्ती घेऊन येईल."

राणीने तिच्या कपाळी कुंकू लावले. तुळजाने कसोटी, तेजाबाची कुपी, छिन्नी, चिमटा आणि फुंकणी पदरात बांधली आणि ती निघाली. नऊ दिवस चालून ती डोंगराशी पोचली.

गुहेच्या तोंडाशी एक धनेश पक्षी बसला होता. तो माणसासारखे बोलत असे.

"तीन दालने," पक्षी म्हणाला. "प्रत्येक दालनात एकदाच निवडायचे. सात आले, सातही आत उभे आहेत."

"माझे आबा कोणत्या दालनात आहेत?"

"शेवटच्या."

तुळजाचे डोळे भरून आले, पण छातीही भरून आली. आबा शेवटपर्यंत पोचले होते.

पहिल्या दालनात पितळेचे चार पारखी उभे होते. मधोमध तराजू, शेजारी पाण्याची कुंडी, आणि चौरंगावर तीन तोडे. एक जाडजूड, एक मध्यम, एक बारीक. तराजूत तिन्ही सारखे भरले. दगडी भिंतीतून आवाज आला, "खरे उचल."

तुळजाने कुंडी काठोकाठ भरली आणि एकेक तोडा पाण्यात सोडला. जाडजूड तोड्याने पाणी भळाभळा सांडले, मधल्याने त्याहून कमी, आणि बारीक तोड्याने नुसते चूळभर.

"सोने जागा थोडी घेते आणि भार मोठा देते," ती म्हणाली आणि तिने बारीक तोडा उचलला. दार उघडले.

दुसऱ्या दालनात दोन पारखी पितळेचे झाले होते. तिथे तीन बाजूबंद ठेवले होते. घाट एक, नक्षी एक, झळाळी एक. तुळजाने तिन्ही कसोटीवर घासले, तिन्हींची रेघ पिवळी उमटली. तिने रेघांवर तेजाबाचा एकेक थेंब सोडला. पहिली रेघ फसफसली आणि नाहीशी झाली. दुसरी टिकली, तिसरीही टिकली. तिथवर येऊनच ते दोघे फसले होते.

तुळजा थांबली. "वरचे सोने सोनेच आहे," ती स्वतःशी म्हणाली, "आतले काय आहे?" तिने छिन्नीने दोन्ही बाजूबंदांना मागच्या अंगाला खोल चीर पाडली. एकाच्या पोटात तांबे लालबुंद दिसले. दुसरा गाभ्यापर्यंत पिवळा होता. तिने तो उचलला. दार उघडले.

तिसऱ्या दालनात एकच कंठा होता. संगमरवरी ओट्यावर तो सूर्यासारखा झळकत होता. त्याच्या समोर रायाजी पितळेचा उभा होता, उजवा हात कंठ्याकडे पुढे केलेला. छताला एका काळ्या साखळीने जळती शेगडी टांगली होती, आणि शेगडीपलीकडे धूम्रकेश बसला होता.

"इथे निवड कसली?" तो म्हणाला. "एकच आहे. घे आणि जा. तुझ्या बापानेही हात पुढे केला होता."

तुळजाने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्याच्या पितळी डोळ्यांत घाई तशीच गोठली होती. त्याला राजा आठवला होता, आणि कस लावायचा राहून गेला होता.

तिने चिमट्याने कंठा उचलला आणि निखाऱ्यांत ठेवला. फुंकणी फुंकली. कंठा आधी तांबूस झाला, मग मळकट, मग काळाठिक्कर पडला.

"पितळ," तुळजा म्हणाली.

धूम्रकेश उठला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "मुली, इथे दुसरे कोणी नाही. एकदा म्हण, हे सोने आहे. एकदाच. तुझा बाप आत्ता चालू लागेल, सहाही चालू लागतील, राजा सिंहासनावरून उठेल. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

बापाचा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. तिने तो धरला. पितळ गार होते.

"आबांनी भर दरबारात जे सांगितले, ते एकांतात मी फिरवू?" ती म्हणाली. "मी आज पितळेला सोने म्हटले, तर उद्या सोन्याला सोने म्हणायला माझी जीभ कोण मानील? पितळ आहे. दहा वेळा विचारा, पितळ आहे."

धूम्रकेश काळवंडला. खरा कंठा शोधायला उजेड हवा म्हणून तुळजाने शेगडी जमिनीवर उतरवली, आणि साखळी हातात येताच तिचा हात अडला. बोटभर जाडीची साखळी, पण भार लोखंडाच्या दुप्पट. लोखंड असे ओढत नाही. तिने नखाने काजळी आणि खालची लाख खरवडली, आत पिवळे चमकले, तशी तिने साखळी आकड्यावरून सोडवली आणि निखाऱ्यांत लोटली.

"नको!" धूम्रकेश ओरडला.

ती फुंकत राहिली. काजळी जळाली, लाख वितळून गळाली, आणि आगीतून राजकंठा बाहेर आला. जितका तापला, तितका उजळला. अकरा पिढ्यांच्या अकरा पुतळ्या, सोन्याची गोल नाणी, त्यावर ओळीने झळकल्या.

दालनात मंद घंटा वाजल्यासारखा नाद झाला. रायाजीच्या अंगावरचे पितळ पाण्यासारखे ओघळले, आणि मागच्या दालनांतून सहा जणांची पावले वाजली. त्याने श्वास घेतला, लेकीकडे पाहिले, आगीकडे पाहिले आणि विचारले, "कस लावलास?"

"लावला, आबा."

"मी नाही लावला," रायाजी म्हणाला, आणि त्याने मान खाली न घालता ते म्हटले.

धूम्रकेशाची माया सरली होती. आता तो वाकलेला, साधा म्हातारा दिसत होता. तुळजा त्याच्यापाशी गेली.

"पितळेत वाईट काय आहे?" ती म्हणाली. "घागरी घडवा, समया घडवा. पितळ म्हणून विका. कोणी नावे ठेवणार नाही."

म्हाताऱ्याने मान डोलावली. पुढे त्या राज्यात त्याच्या समया घरोघरी लागल्या.

आठ पारखी राजधानीत परतले. तुळजाने कंठा राजाच्या गळ्यात घातला. राजा सुरंजन सिंहासनावरून उठला आणि त्याने पहिला शब्द उच्चारला तो असा: "राजपारख्याचे आसन कोणाचे?"

सहा पारख्यांनी रायाजीकडे पाहिले. रायाजी पुढे आला, त्याने आसनावरची धूळ आपल्या उपरण्याने झटकली आणि लेकीपुढे हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला अहोजाहो केले.

"बसा, राजपारखी," तो म्हणाला.

तुळजा बसली, आणि सारा दरबार उभा राहिला. त्या राज्यात पुन्हा खऱ्याला खरे आणि खोट्याला खोटे म्हटले जाऊ लागले. तसेच ते तुमच्या आमच्या दारीही म्हटले जावो.