दिवाणजींची जरीची मोजडी

राजेसाहेबांना अंगाखांद्यावर वाढवणाऱ्या म्हाळसाबाईंची पावलं संधिवातानं सुजली होती. राजपुत्राच्या वरातीत चालायची त्यांना फार हौस, पण पायात घालावं काय? वैद्य म्हणाले, टाच धरून ठेवणारं घाला. राणीसाहेब म्हणाल्या, मऊ घाला. शेजारणीनं तर अनवाणीच चालायला सांगितलं. बाई पार गोंधळून गेल्या.

तेव्हा रंगराव दिवाणांनी भर दरबारात स्वतः निवडलेली चिंचोळी, जरीची मोजडी मागवली. बाईंनी पाय घातला आणि त्या कळवळल्या. "बोटं चेमटतात, दिवाणजी."

"नवं चामडं आहे. थोडे दिवस घालून वावरा, आपोआप सैल होईल. तुम्हाला धीरच नाही."

आता दिवाणजींचं ऐकावं की पायाचं, बाईंना कळेना. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "चामडंच ताणायचं ना? मग त्याला माझे दुखरे पाय कशाला? तुमचे धडधाकट आहेत. थोडे दिवस तुम्हीच घाला, सैल झाली की मला द्या."

राजेसाहेबांना हसू आवरेना. "दिवाणजी, चढवा."

संध्याकाळी दिवाण लंगडत जोडे शिवणाऱ्याच्या दुकानात शिरले. "पुढून ऐसपैस, टाचेला घट्ट, तळ मऊ," ते म्हणाले. "आणि आधी बाईंच्या पायाचं माप घेऊन ये."