बुरुडाची रिकामी दुपार

पूर्वी शंखपूर नगरात राजा दृढसेन राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व नगराच्या तटाजवळच्या आळीत एका बुरुडाच्या घरी जन्माला आले. सुपं-टोपल्या विणाव्यात, बाजारात विकाव्यात, असं त्यांचं चालायचं. दुपारी मात्र हातातलं काम संपवून ते ओट्यावर बसत. तोंड तटाकडे, हात मांडीवर मोकळे. ना जप, ना डुलकी, ना कोणाशी गप्पा.

शेजारी राहणाऱ्या नंदवतीला हे काही केल्या पटेना. आळीत कोणाच्या घरी काय शिजलंय हे तिला वासावरून कळे. या माणसाचं मात्र काहीच कळत नव्हतं. धडधाकट माणूस कारण नसताना बसेल कसा? त्यातच शेजारच्या राजाचे हेर नगरात शिरल्याची आवई उठली. तटावरचे पहारेकरी कधी बदलतात हे त्या ओट्यावरून सरळ दिसे. नंदवतीने आपला संशय दोघीतिघींना बोलून दाखवला, आणि बघता बघता गोष्ट कोतवालाच्या कानी गेली. त्याने तिलाच पाळत ठेवायला बसवलं. हेराला सुळी देतात हे तिला ठाऊक होतं; पण नगर वाचवायचं तर कोणीतरी पाहायला हवंच, असं तिने मनाला समजावलं.

कुडाच्या फटीला डोळा लावून ती बसली. आधी मांडीवर तांदूळ निवडायला घेतले, पण खडे वेचताना नजर हलते, म्हणून तेही बाजूला सारले. कावळा ओरडला की तिला इशारा वाटे. बुरुडाने मान खाजवली की तटावरून कोणी उत्तर देतंय का ते ती बघे. दुसऱ्या दुपारी तेच, त्यानंतरही तेच. तटाची सावली सावकाश रस्ता ओलांडी. एक खार भिंतीवरून खाली येई आणि काहीतरी विसरल्यासारखी परत फिरे. एके दिवशी ती दचकली, तर ओटा रिकामा. बुरूड कधीच उठून गेला होता आणि ती तशीच बसलेली, मनात कोणाच्या चुलीचा विचारसुद्धा नव्हता. याने आपल्यावर चेटूक केलं, असं तिला आधी वाटलं. मग ती दुपार व्हायची वाट पाहू लागली, तेव्हा तिला स्वतःचाच संशय येऊ लागला.

इकडे कोतवालाला धीर निघेना. त्याने बोधिसत्त्वांना धरून दरबारात उभं केलं. राजा क्रूर नव्हता, पण भ्यालेला होता. प्रधानाला दया आली. जप करत होतो असं म्हण, त्याने हळूच सुचवलं. निदान बांबूच्या कामट्या भिजायची वाट बघत होतो असं तरी म्हण.

"कामट्या सकाळीच भिजवून होतात," बोधिसत्त्व म्हणाले. "मी काही करत नव्हतो, महाराज. नुसता बसलो होतो. बरं वाटतं."

दरबार हसला. राजा हसला नाही. इतकं पोकळ उत्तर मुरलेला हेरच देईल, असं त्याला वाटलं. त्याने नंदवतीला साक्षीसाठी पुढे बोलावलं.

ती पुढे आली. आळ आपणच घेतला आणि तो चुकीचा होता, हा माणूस खरंच काही करत नव्हता, असं तिने सांगून टाकलं.

"काही करायचं नसताना माणूस बसेल कशाला, बाई?"

"मलाही तेच वाटायचं, महाराज. पण याच्यावर नजर ठेवायला मला बसावं लागलं. आता हा उठून गेला तरी मला उठवत नाही. याला सुळी देणार असाल तर मलाही द्या. मीही तटाकडेच बघत होते."

राजाचा संशय दुणावला. "बसून दाखवा," तो म्हणाला. "दोघंही. इथेच."

दोघं दरबाराच्या मधोमध जमिनीवर बसली. आता काहीतरी घडेल म्हणून सगळे डोळे ताणून पाहू लागले. काही घडलं नाही. चवरी ढाळणाऱ्याचा हात थांबला. प्रधानाने खाकरायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. राजा त्या मोकळ्या हातांकडे बघत राहिला. तलवारीच्या मुठीवरची त्याची बोटं हळूहळू सैल झाली. छपरावर पारवे घुमत होते, ते त्याला कितीतरी दिवसांनी ऐकू आले.

शेवटी तो म्हणाला, "तुम्हाला सोडलं आहे. पण लगेच उठू नका."

आपल्या पूर्वजन्माची ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आताचा भिक्षू आनंद. भिक्षू दुपारभर झाडाखाली करतात तरी काय, असं विचारायला आलेली ही उपासिका रोहिणी, तीच नंदवती. बुरूड मी होतो." ज्या गुणामुळे माणसाला जीव वाचवायलासुद्धा खोटं कारण जोडावं लागत नाही, त्याचं नाव संतोष.