सात पोळ्या आणि उघडलेली गाडी

हे सगळं मला नीट आठवतं की नाही, याची खात्री नाही. गाव आष्टा होतं की आष्ट्याच्या अलीकडचं, यावर मी पुष्कळ विचार केला. ठरत नाही. गाडी पांढरी होती की फिकट निळी, तेही सांगता येत नाही. पण भूपाल काय बोलला ते शब्दाला शब्द आठवतं, म्हणून सांगायचं धाडस करतो.

तर त्या गावात एक भोळा भूपाल होता. किती भोळा? 'जरा बस, आलोच,' असं कुणी म्हणालं, की तो माणूस येईपर्यंत हा उठत नसे. एकदा असं म्हणणारा माणूस विसरून पुण्याला निघून गेला. भूपाल दोन दिवस ओट्यावर बसून होता.

मगदूम अण्णांची बायको पद्माक्का ही भूपालची मावशी. तिनं हट्ट धरला म्हणून अण्णांनी त्याला शोरूमवर घेतला. शोरूम मिनोबे मोटर या जपानी कंपनीचं. वडिलांचं गुळाचं दुकान बंद करून अण्णांनी ही एजन्सी घेतली होती. आणि आता कंपनीचे फुकाझावा साहेब यायचे होते. मालकांना गाड्या कशा वाटतात ते बघायचं, आणि एजन्सी अण्णांकडे ठेवायची की सांगलीच्या शेट्यांना द्यायची ते ठरवायचं. अण्णांची झोप उडाली होती.

माझा यात संबंध असा, की मी तिथल्या कॉलेजात शिकवत असे आणि तरुणपणी पुण्यात दोन वर्षं जपानी शिकलो होतो. पंचक्रोशीत जपानी येणारा मी एकटा. म्हणजे मला येतं की नाही, हे तपासणारं कुणी नव्हतं.

कंपनीच्या इतिहासाची पुस्तिका मीच मराठीत केली. संस्थापक मिनोबे आजोबा आधी कागदी छत्र्या बनवत. मग मोटारीची हौस आली. त्यांनी एक परदेशी मोटार विकत घेतली, उघडली, सुटे भाग चटयांवर मांडले, एकेकाला चिठ्ठी लावली आणि मगच स्वतःची मोटार बांधली. छत्रीवाल्याची मोटार, तरी गळत होती. मग आजोबा पावसात प्रत्येक मालकाच्या दारी जात, कमरेत वाकत आणि म्हणत, "चूक आमची. बदलून देतो."

भूपालनं ही पुस्तिका तोंडपाठ केली.

पहिल्या दिवशी अण्णा म्हणाले, "भूपा, मालकांची मतं घेऊन ये. एकही राहता कामा नये."

"बरं अण्णा. चुकायचं नाही."

भूपालनं बिस्किटांच्या रिकाम्या डब्याला वरून फट पाडली. शाईची बाटली घेतली. थेट डॉक्टर वाळवेकरांच्या दवाखान्यात गेला आणि पेशंटांच्या देखत डॉक्टरांच्या बोटाला शाई लावली.

"हे काय रे?"

"मत द्या."

"कुणाला?"

"मला सांगू नका डॉक्टर. गुप्त असतं."

"अरे, पण उभं कोण आहे?"

भूपालनं इकडेतिकडे पाहिलं. "मी उभा आहे. तुम्ही बसलाय."

संध्याकाळी तो डबा घेऊन आला. "अण्णा, चौदा मतं पडली. दोन बाद."

अण्णांनी कपाळावर हात मारला. "अरे, मत म्हणजे मतदान नव्हे. गाडी कशी वाटते ते विचारायचं. आणि सरकारी माणसासारखं नको, घरच्यासारखं विचार. 'काय मावशी, नवी आणलीत, कशी आहे? किती खाते? आवाज करते का?' असं."

"बरं अण्णा. आता चुकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तो चौगुल्यांच्या दारात गेला. चौगुल्यांकडे दिवाळीत नवी गाडी आली होती आणि महिन्याभरानं नवी सून. दारात सासूबाई गहू निवडत होत्या.

"काय मावशी, नवी आणलीत, कशी आहे?"

मावशींनी आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दिसायला बरी आहे."

"किती खाते?"

"खाण्याचं विचारू नकोस बाबा."

"आवाज करते का?"

"माझ्यासमोर नाही. पोरगा घरी आला की करते."

"सकाळी लगेच चालू होते?"

"आठ वाजतात. तेही तीन हाका मारल्यावर."

भूपालनं सगळं वहीत लिहिलं. एवढ्यात सून बाहेर आली. पदर खोचलेला. "भाऊजी, वहीत जागा आहे का? मग जुनीचंही लिहा. गुडघे गेलेत, पण हॉर्न शाबूत आहे."

भूपालनं तेही लिहिलं.

दुपारी चौगुले स्वतः शोरूमवर आले. "मगदूम, तुमच्या माणसानं माझ्या घरात दोन चुली मांडल्या!"

अण्णांनी भूपालला समोर उभं केलं. "अरे, तक्रार ऐकून नुसतं लिहीत बसतात का? मिनोबे आजोबा काय करत? दारात माणसं नाराज दिसली की वाकायचं. म्हणायचं, 'चूक आमची. बदलून देतो.'"

"बरं अण्णा. आता चुकायचं नाही."

तिसऱ्या दिवशी तो देसाई गुरुजींच्या दारात गेला. अंगणात माणसं होती, आणि सगळी नाराज दिसत होती. गुरुजींची चौऱ्याण्णव वर्षांची आई पहाटे वारली होती.

भूपाल कमरेत वाकला. "चूक आमची," तो म्हणाला. "जुनी परत नेतो. आठ दिवसांत नवी देतो."

अंगणातल्या सगळ्या माना वळल्या. मग तिरडी बांधणारा माणूस उठला. भूपाल पळत शोरूमवर आला. त्याच्या मागोमाग बांबू आला.

"अरे कर्मा!" अण्णा म्हणाले. "कुणी गेलं असेल तिथं म्हणायचं, 'सोनं झालं. हाल न होता गेल्या. सगळ्यांनाच एक दिवस जायचंय.' कळलं?"

"कळलं अण्णा. आता चुकायचं नाही."

चौथ्या दिवशी तो इनामदार वकिलांच्या मळ्यात गेला. वकील हँडब्रेक ओढायला विसरले होते. गाडी उतारावरून हळूहळू निघाली होती आणि त्यांच्याच विहिरीत उतरली होती. वकील काठावर उभे राहून पाण्याकडे बघत होते.

"गेली," वकील म्हणाले.

भूपालनं टोपी काढली. "सोनं झालं वकीलसाहेब. हाल न होता गेली."

"काय?"

"आज तुमची, उद्या आमची. सगळ्यांच्याच गाड्या एक दिवस जायच्यात. मी तिसऱ्या दिवशी राख सावडायला येतो."

वकिलांनी नोटीस पाठवली. दोन पानी.

अण्णांनी ती वाचली आणि घटाघटा पाणी प्याले. "भूपा, हात जोडतो. आता तू बोलूच नकोस. परवा सकाळी साहेब येतायत. मी आणि हे सर उद्याच कोल्हापूरला जातो, त्यांना घेऊन येतो. तू फक्त शोरूममधली गाडी पुसून घे आणि उघडून ठेव. साहेबांना आतलं सगळं दिसलं पाहिजे."

"सगळं?"

"सगळं."

"बरं अण्णा. आता चुकायचं नाही."

आम्ही साहेबांना घेऊन परतलो तेव्हा अकरा वाजले असतील. साडेअकराही असतील. शोरूमचं दार उघडं होतं. आत गाडी नव्हती. म्हणजे होती. चौदा सतरंज्यांवर होती. नट, बोल्ट, स्प्रिंगा, दिवे, सगळं ओळीनं मांडलेलं, पुसून लख्ख केलेलं, आणि प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. भूपाल स्टिअरिंग हातात घेऊन शेवटच्या सतरंजीशी उभा होता.

"उघडली अण्णा," तो म्हणाला. मग त्याला आठवलं की बोलायचं नाही, आणि त्यानं तोंडावर हात ठेवला.

अण्णा खुर्ची समजून खाली बसले. खुर्ची नव्हती.

फुकाझावा साहेबांनी बूट काढले. ते ओळींमधून पाव तास हिंडले. चिठ्ठ्या वाचल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, तरी वाचल्या. मग ते भूपालसमोर आले आणि कमरेत वाकले.

भूपाल घाबरून माझ्याकडे वळला. "सर, साहेबांची काय चूक झाली?"

मग साहेबांनी मालकांची मतं मागितली. मी भूपालची वही घेऊन जसंच्या तसं भाषांतर केलं. 'सकाळी तीन हाका मारल्यावर चालू होते.' साहेबांनी ते टिपून घेतलं. 'गुडघे गेलेत, पण हॉर्न शाबूत आहे.' साहेबांनी विचारलं, गुडघे म्हणजे कुठला भाग? मी दोन स्प्रिंगांकडे बोट दाखवलं.

दुपारी अण्णांच्या घरी जेवण होतं. पुरणपोळी. पद्माक्कांनी पोळीवर तुपाची धार धरली. साहेबांनी पोळी संपवली, ताटावर हात आडवा हलवला आणि म्हणाले, "केक्को देस."

केक्को म्हणजे उत्तम. हा शब्द आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवला होता.

"उत्तम म्हणतात," मी म्हणालो.

"मग वाढा की!" अण्णा म्हणाले.

दुसरी पोळी गेली. साहेबांनी हात हलवला. "केक्को देस."

"उत्तम म्हणतात."

"अगं, अजून वाढ!"

चौथ्या पोळीला साहेबांनी टाय सैल केला. पाचव्या पोळीला पट्टा सैल केला. सहाव्या पोळीला भूपाल माझ्या कानाशी आला. "सर, ते नको म्हणतायत."

"तुला जपानी येतं का रे?"

"नाही सर. नको येतं."

सातवी पोळी जाताना साहेबांचे डोळे पाण्यानं भरले. मला शंका आली. शंका मला नेहमीच येते, पण ही जरा मोठी होती. मी खिशातला छोटा शब्दकोश काढला आणि मांडीआड धरून पाहिलं. केक्को. पहिला अर्थ, उत्तम. दुसरा अर्थ, नको, पुरे.

दोन पदव्या, एक प्रबंध, आणि परक्या देशातल्या पाहुण्याला मी सात पोळ्या खायला लावल्या! मी शब्दकोश मिटला. मनाशी म्हणालो, आता चुकायचं नाही.

हात धुऊन झाले. अण्णा साहेबांसमोर हात जोडून उभे राहिले. "सर, आता विचारा. आमची एजन्सी आहे तशी ठेवणार का?"

मी विचारलं. अगदी व्याकरणशुद्ध विचारलं. साहेबांनी अण्णांकडे पाहिलं, भूपालकडे पाहिलं. ते हसले. मान डोलावली. आणि म्हणाले, "केक्को देस."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"नको म्हणतात," मी म्हणालो. "पुरे."

पद्माक्कांच्या हातातलं तुपाचं भांडं खाली आलं. अण्णा मानी माणूस. त्यांनी खिशातून शोरूमच्या किल्ल्या काढल्या आणि साहेबांपुढे धरल्या. जपानी माणूस दिलेली वस्तू नाकारत नाही. साहेबांनी किल्ल्या दोन्ही हातांनी घेतल्या आणि वाकले. अण्णा वाकले. मग मीही वाकलो.

भूपाल एकटाच ताठ उभा होता. "सर," तो म्हणाला, "या वेळी हात नाही हलवला. मान डोलावली."

"गप्प बस," मी म्हणालो. "एकदा चुकलो, पुन्हा चुकणार नाही."

साहेब संध्याकाळच्या गाडीनं गेले. अण्णांनी त्याच दिवशी पाटी उतरवली आणि पुढे गाड्या मागवल्या नाहीत. महिन्याभरात एजन्सी सांगलीच्या शेट्यांकडे गेली.

राहिली ती उघडलेली गाडी. ती कुणी नेली नाही. भूपालनं चिठ्ठ्या बघून बघून ती चार महिन्यांत पुन्हा बांधली. एक स्क्रू उरला. तो त्यानं देवघरात ठेवला. पुढे अण्णांनी त्याच जागेत गॅरेज काढलं आणि पाटीवर काय लिहायचं ते भूपालला ठरवू दिलं. पाटी अशी होती, 'येथे गाडी उघडून मिळेल.' खाली कुणीतरी खडूनं लिहिलं, 'मिटूनही.' सांगलीहूनसुद्धा गाड्या येऊ लागल्या. पहिली आली ती इनामदार वकिलांची, विहिरीतून काढलेली.

मी मात्र तो शब्द डोक्यातून काढू शकलो नाही. निवृत्त झाल्यावर, बहुधा अकरा वर्षांनी, मी धीर केला आणि फुकाझावा साहेबांना पत्र लिहिलं. मसुदा नऊ वेळा बदलला. त्यांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. अक्षर सुरेख होतं. मी शब्दकोश घेऊन ते दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या एका जपानीच्या शिक्षकाकडूनही तपासून घेतलं. साहेबांनी लिहिलं होतं की सातही वेळा ते 'नको' म्हणाले होते, आठव्यांदा 'उत्तम' म्हणाले होते, आणि मगदूमांनी किल्ल्या का दिल्या हे त्यांना कधीच कळलं नाही. जेवणानंतर पाहुण्याला किल्ल्या द्यायची इथली रीत असावी, असं समजून त्यांनी त्या आजवर जपून ठेवल्या आहेत.